धोंडीच्या आधीची माणसं

शमू,

तुझ्या दफनाच्या दिवशी मला तुझा हेवा वाटला. हे आधीच सांगून टाकतो, कारण तुझ्याविषयी चांगलं लिहिणारे पुष्कळ आहेत आणि मला नुसतं चांगलं लिहिता येत नाही, हे तुला माहीत आहे. चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. वाईहून, फलटणहून माणसं आली होती. पाळकांनी तुझ्या पणजोबांपासून सुरुवात केली आणि तुझ्यापर्यंत पोचता पोचता त्यांचा घसा बसला. मी मागच्या बाकावर होतो. डोळे पुसत होतो आणि मनात म्हणत होतो, याला मातीसुद्धा एकट्याला मिळत नाही, सगळं घराणं सोबत येतं. आमच्या आण्णांना पुरलं तेव्हा पाळक दोन वाक्यांत मोकळे झाले होते. त्यात त्यांची काही चूक नव्हती. आण्णांच्या मागं सांगण्यासारखं कोण होतं?

तर ही माझी नजर. सांगलीच्या होस्टेलपासून ती अशीच आहे. तू साताऱ्याचा, मी तासगावच्या पलीकडच्या खेड्यातला. दोघंही ख्रिस्ती म्हणून रेक्टरनी एका खोलीत टाकलं. तेवढ्यावरून त्यांना आपण सारखे वाटलो. तुझ्या घरात पणजोबांपासून पदव्या. तू एका वर्षी नापास झालास तर तुझ्या वडिलांनी 'पुढच्या वेळी बघू' एवढंच कळवलं. मी नापास झालो असतो तर आमच्या घरात पुन्हा कॉलेजचं नाव निघालं नसतं. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी. आण्णा ट्रॅक्टर चालवायचे. माझा पदवीचा कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि बेदाण्याच्या शेडवर नेला. तिथल्या बायकांनी पदराला हात पुसून तो धरला, उलटासुलटा केला आणि परत दिला. आण्णा म्हणाले, "वाचाय न्हाई आलं तरी चालंल, शिक्का बगा." तू तुझा कागद आणायलाच विसरलास. वर्षभरानं कुणीतरी इकडं येताना घेऊन आला. मी कित्येक दिवस तुझ्या त्या विसरण्यावर जळत होतो. माझं असं काहीच नव्हतं जे मला विसरता आलं असतं.

नोकरीनं मला साताऱ्यात आणलं आणि मी तुझ्याच चर्चचा सभासद झालो. तिथं ती प्रथा. बाहेरच्यांना माहीत नसते म्हणून सांगतो. नाताळाच्या आदल्या रविवारी आपल्याकडं मत्तयाचा पहिला अध्याय वाचतात. येशूची वंशावळ, अब्राहामापासून योसेफापर्यंत. वाचन संपलं की एकेक घर उठतं आणि आपल्या मेलेल्या माणसांची नावं मोठ्यानं घेतं, जितकं मागं जाता येईल तितकं. हे तुझ्या पणजोबांनी सुरू केलं. ख्रिस्ती झालेल्यांना त्या काळी भावकीनं टाकलं होतं, त्यांच्या आईबापांची नावं घेणारं कुणी उरलं नव्हतं, ती देवापुढं तरी घेतली जावीत म्हणून.

म्हणजे ज्यांना कुणी नाही त्यांच्यासाठी निघालेली प्रथा. आणि मला दर वर्षी तिथं उभं राहायचं जिवावर यायचं. तुमचं घर उठायचं. भिकाजी, भिकाजीचा रावजी, रावजीचा दानियेल, दानियेलचा योहान, योहानचा मनोहर. तुमच्याकडची शेंबडी पोरंसुद्धा ठेक्यात म्हणायची. मग आमचं. मी उठायचो, 'धोंडी, धोंडीचा पौलस' म्हणायचो, म्हणजे आजा आणि आण्णा, की झालं. एका वर्षी सुनंदा साडी सावरून उभी राहीपर्यंत मी खाली बसलोसुद्धा होतो. ती घरी येऊन म्हणाली, "आवं, मला निदान उटू तरी द्या."

आणि वाचन? तेही तुमच्याच घराचं. पणजोबा, आजोबा, वडील, मग तू. मी मराठीचा शिक्षक, आवाज बरा, उच्चार तुझ्यापेक्षा स्वच्छ. मला कुणी कधी विचारलं नाही. शिवाय तुझी वाचण्याची तऱ्हा उलटी. अब्राहाम, इसहाक, याकोब भरभर उरकायचास. दावीद, शलमोन म्हणजे जणू एस.टी.नं न घेतलेले थांबे. बाबेलचा बंदिवास आला की आवाज खाली यायचा. अज्जूर. थांबायचास. सादोक. थांबायचास. याखीम. ज्यांच्याविषयी नावापलीकडं कुणाला एक अक्षर ठाऊक नाही, त्यांच्यापाशी तू असा उभा राहायचास की जणू दार उघडायची वाट बघतो आहेस. पंचमंडळीतले थोरातकाका एकदा बाहेर आल्यावर तुला म्हणाले होते, "शमुवेल, दाविदाला घाई आन् याखीमाला च्या पाजत बसतोस व्हय रं?" तू म्हणालास, "दाविदाला सगळेच पाजतात, काका."

मी शिकलेला माणूस. मी त्या अध्यायावर वाचून आलो आणि अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याच्या टपरीवर तुला गाठलं. म्हणालो, मत्तयानं चौदा-चौदा पिढ्यांचे तीन गट पाडलेत, आणि ते जुळावेत म्हणून मधले तीन राजे चक्क गाळलेत. तुझा अज्जूर आणि तुझा याखीम ही भरतीची नावं आहेत, त्यांच्यापुढं एवढं हळवं व्हायचं कारण नाही. तू चहाचा कप खाली ठेवलास.

"राजे गाळले आणि अज्जूर ठेवला," तू म्हणालास. "आणि तुला त्यात काहीच दिसत नाही?"

मला एवढंच दिसलं, की ज्याच्या पणजोबांचा फोटो चर्चच्या भिंतीवर आहे त्याला अज्जूर आवडणं परवडतं. तसं मी तुला तोंडावर म्हणालो. ज्याच्या घरात सगळेच अज्जूर आहेत त्याला एखादा तरी दावीद हवा असतो. तू कप उचललास, उरलेला चहा संपवलास. मग म्हणालास की त्या फोटोखाली एकदा बसून बघ, तिथं ऊन पोचत नाही. मी म्हणालो, चल मग, जागा बदलू. तू हसलास. मी हसलो नव्हतो, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?

हेळवी आलाय हे तुलाच कुठून तरी कळलं. आमच्या भागात कर्नाटकाकडून हा माणूस बैल घेऊन येतो, काही वर्षांतून एकदा, आणि ज्या घराचा तो असतो त्या घराची वंशावळ तोंडपाठ म्हणतो. मी लहान असताना तो आमच्या चुलत्यांच्या अंगणात बसायचा, आमच्या दारावरून मात्र पुढं जायचा. कारण आमचा आजा धोंडी पलटणीत गेला आणि ख्रिस्ती होऊन आला. बाप्तिस्म्याच्या वेळी नाव बदल म्हणाले तर तो म्हणाला होता, "मग आई हाक कुनाला मारंल?" आईनं पुढं हाक मारलीच नाही, ती गोष्ट वेगळी. तू म्हणालास, धोंडीच्या मागची नावं त्या माणसाकडं आहेत, चल. मोटारसायकलवर मागं बसवून तूच मला नेलंस. मला जायचं होतं. नुसतं तसं म्हणायचं नव्हतं.

आमचे चुलत चुलते, तात्या, अंगणात खुर्चीवर होते. आपल्याला चहा आला, बसायला सतरंजी आली, पण मी उभाच राहिलो. हेळव्यानं वरून सुरुवात केली. तू डोळे मिटून ऐकत होतास. माझ्या कानावरून नावं जात होती, मी एकाच नावाची वाट बघत होतो. ते आलं. हेळवी म्हणाला, "धोंडी. फुडं वंश न्हाई." आणि श्वास न घेता धोंडीच्या भावाकडं, म्हणजे तात्यांच्या बापाकडं वळला.

मी तिथंच उभा होतो. बूट घालून, चष्मा लावून, बी.ए. बी.एड., दोन पोरांचा बाप.

तू डोळे उघडलेस. "आवं, मग हा कोण?" तू हेळव्याला विचारलंस. साताऱ्याच्या पेठेतला तू, आमच्या अंगणात आमच्यासारखं बोलायला लागलास.

हेळव्यानं तात्यांकडं बघितलं. तात्या म्हणाले, "आमास्नी आमच्या वाडवडलांनी सांगितलं, आमी त्येला सांगितलं. त्येला बोल लावू नगा." हेळवी शांतपणे म्हणाला की घरानं सांगितलं तर तो आत्ता नाव लावील, पण घरानं सांगायला पाहिजे. सगळं तात्यांच्या एका शब्दावर आलं होतं. तात्या बैलाकडं बघत राहिले. निघताना त्यांनी माझ्या हातात बेदाण्याची पिशवी दिली, पाहुण्याला देतात तशी.

परतीच्या वाटेवर एका चिंचेखाली तू गाडी थांबवलीस. म्हणालास, "नावं तर मिळाली की रे." मला कळेना. तुझ्या घरात लहानपणापासून नावं पाठ करायची सवय, तू एकदा ऐकून सगळी घेतली होतीस. धोंडीच्या मागच्या दहा-बारा पिढ्या तुझ्या डोक्यात होत्या. म्हणू का, असं विचारलंस. मी सांगितलं, तोंडातून एक नाव काढू नकोस, ज्यांनी आमचा वंशच नाही असं ठरवलं त्यांची नावं मी देवापुढं घेणार नाही.

"त्यांनी कुठं ठरवलं?" तू म्हणालास. "ती बिचारी धोंडीच्या कितीतरी आधी मेली."

मग तू बोलतच सुटलास. अज्जूर बरा होता की वाईट, कुणाला माहीत आहे? कदाचित तोही भावाशी भांडला असेल, कुणाला तरी घरातून काढलं असेल. त्याचं नाव तो चांगला होता म्हणून नाही घेत, त्याच्यानंतर कुणीतरी झालं म्हणून घेतो. आणि वंश म्हणजे नुसतं रक्तच असतं तर योसेफापाशी येऊन मत्तयानं हात टेकले असते, कारण ते मूल त्याचं नव्हतंच. तरी सगळी यादी आणून त्याच्याच दारात ठेवली ना? मी म्हणालो, प्रवचन घरी जाऊन दे. तू किक मारलीस आणि मान मागं वळवून म्हणालास, "मागशील तेव्हा सांगीन. तोवर राहू देत माझ्याकडं."

तिथून पुढं माझा हेवा दुप्पट झाला, शमू. आधी फक्त तुझे पूर्वज तुझ्याजवळ होते, आता माझेही तुझ्याकडं राहायला गेले. मी ज्यांना ओळखत नव्हतो ते तुझ्याबरोबर कामाला निघून लोणंदच्या गाडीत बसत, तुझ्याबरोबर भाजी आणत, तुझ्याबरोबर झोपत. तू मुद्दाम चिडवायचास. तुझ्या खापरपणज्याचं नाव फार गोड आहे रे विजू, म्हणायचास. मी म्हणायचो, ठेव तुझ्यापाशीच, मुरंबा घाल. आणि नाताळाच्या आदल्या रविवारी मी दोन नावं घेऊन खाली बसलो की पुढच्या बाकावरून तू वळून बघायचास. मी वर पंख्याकडं बघायचो.

तू हॉस्पिटलात होतास तेव्हा मी दुपारच्या भेटीच्या वेळेत आलो होतो. शोभावहिनी जेवायला खाली गेल्या होत्या. तू तोंडावरचा मास्क बाजूला केलास आणि म्हणालास, "मागतोस का?"

मला कळलं काय ते. मी म्हणालो, "आधी बरा हो, मग बघू."

"लय मानी हायस गड्या," तू म्हणालास आणि मास्क परत लावलास. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला.

मी का मागितली नाहीत? मागितली असती तर तू चाललास हे मी कबूल केल्यासारखं झालं असतं, हे एक. आणि सरळ सांगायचं तर माझ्याच घरची वस्तू तुझ्या हातून घेणं मला जड गेलं असतं, हे दुसरं. दोन्ही खरं आहे. तू असतास तर यातलं कुठलं जास्त खरं आहे यावर आपण एक संध्याकाळ घालवली असती.

तू गेल्यानंतरच्या आठवड्यात मी रूथला विचारलं. तुझी पोरगी तुझ्यासारखीच, तिलाही एकदा ऐकलेलं राहतं. मला वाटलं, बोलता बोलता कधी तू म्हणाला असशील. ती म्हणाली, "मी विचारलं होतं अप्पांना. ते म्हणाले, ती विजूकाकांची आहेत, त्यांनी मागितल्याशिवाय कुणाला द्यायची नाहीत." मला आधी तुझा रागच आला. पोरीला सांगून ठेवली असतीस तर काय बिघडलं असतं? मग घरी आलो आणि न जेवता बसून राहिलो. माझी वस्तू इतकी जपून आजवर कुणी ठेवली नव्हती. मीसुद्धा नाही.

तात्यांनाही फोन केला. तो हेळवी म्हातारा वारला म्हणाले, त्याचा मुलगा येईल तेव्हा येईल. येईल तेव्हा मी जाणार आहे, या वेळी बसून ऐकणार आहे, पण ते कधी, कुणास ठाऊक. मग तात्यांनी विचारलं, "तुमच्यासंगं आल्ता त्यो साताऱ्याचा पाव्हना बरा हाय न्हवं?" मी सांगितलं. तात्यांनी कधी ते विचारलं. मग म्हणाले, "त्येनं दोन-तीनदा फोन केल्ता मला. धोंडीच्या फुडं नाव लावा म्हनून भांडायचा. मी म्हनलं, तुमी कोन? तर म्हनला, कोन न्हाई."

हे तू मला कधी बोलला नाहीस. तात्या नाव लावू म्हणाले नाहीत. नाही असंही म्हणाले नाहीत. फोन ठेवताना मात्र सुनंदाची आणि पोरांची नावं त्यांनी विचारून घेतली.

या रविवारचं वाचन रूथ करणार आहे. मला कुणी विचारलं नाही. मी वाट बघत होतो, खोटं कशाला सांगू. परवा ती सरावाला माझ्याकडं आली, मराठीचे सर म्हणून. अब्राहाम, दावीद छान ठासून वाचले आणि बंदिवासानंतर पोरगी सुसाट सुटली. अज्जूर-सादोक-याखीम एका दमात. मी म्हणालो, इथं थांब. तिनं विचारलं, का? मला इतकी वर्षं शिकवण्याची सवय, पण सांगता येईना. शेवटी म्हणालो, तुझा बाप थांबायचा. तिनं पुन्हा वाचलं आणि थांबली.

ती गेल्यावर मी त्या अज्जूरचाच विचार करत होतो. आपण दोघं त्याच्यावर भांडलो ते तो कोण होता, कसला होता यावर. पण त्याचं नाव मत्तयापर्यंत आणलं कुणी? मधे कितीतरी माणसं मेली असतील, घरं मोडली असतील, आणि तरी कुणीतरी ते नाव तोंडात धरून ठेवलं. घरचाच असेल असंही नाही. एखादा शेजारी असेल, एखादा दोस्त असेल, ज्यानं एकदा डोळे मिटून ऐकलं आणि कुणी मागेल म्हणून सांभाळलं. त्या माणसाचं नाव तर कुठल्याच वंशावळीत नाही. तू त्या नावांपाशी थांबायचास तेव्हा तुला तो दिसायचा का? विचारायचं राहून गेलं.

तर शमू, मी काय ठरवलंय ते ऐक. रविवारी आधी तुमचं घर उठेल. भिकाजीपासून मनोहरपर्यंत येतील, आणि मनोहरचा शमुवेल असं रूथ पहिल्यांदाच म्हणेल. तिचा आवाज फुटेल, वहिनी तिचा हात धरतील, सगळं चर्च रडेल. मग आमची पाळी. मी उठणार आहे आणि खालून वर जाणार आहे. पौलस. पौलस धोंडीचा. आणि धोंडीच्या आधीची माणसं, ज्यांची नावं शमुवेलला माहीत होती.

कुणाला चालेल, कुणाला चालणार नाही. पण एवढं होईल की त्या दिवशी तुझं नाव दोन घरं घेतील. आपल्या चर्चमध्ये असं आजवर कुणाचं झालेलं नाही, तुझ्या पणजोबांचंसुद्धा नाही. याचाही मला तुझा हेवा वाटणारच आहे.